भूतदया आणि बेटावरचे ससे

यंदाच्या आषाढीच्या वाटेवर नातेपुत्याच्या मुक्कामी एका माळकऱ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे देऊन टाकले, आणि ते चुकीचे दिले. चूक झाली तर ती झाकू नये, चारचौघांत सांगावी, ही आपल्या संप्रदायाची रीत. म्हणून हा लेख.

प्रश्न विचारणारे गृहस्थ मॉरिशसचे. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरांवर, भर समुद्रात हे बेट आहे. १८३४ पासून तिथल्या ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, साडेचार लाखांच्या वर माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणची माणसेही होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज तिथे नांदतात. तिथे शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. या गृहस्थांच्या आज्याचा बाप रत्नागिरीकडून गेला. आयुष्यात एकदा तरी पायी वारी करायची म्हणून हे पेन्शनीत निघाल्यावर आले आणि आमच्या दिंडीत चालले.

हरिपाठ झाला, पंगत उठली, तसे ते आमच्या राहुटीत येऊन बसले. म्हणाले, "महाराज, माझी मराठी मोडकी आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडे एक संस्था आहे. ती पाखरं वाचवते, झाडं वाचवते. मी दर महिन्याला पेन्शनीतून थोडं थोडं देतो. बरीच वर्षं झाली. आता मला कळलं, की या कामात बेटावरचे ससे विष घालून मारले होते, उंदीर तर अजून मारतात. माझ्या गळ्यात माळ आहे. बेटावर राहून मी मासळी सोडली, महाराज. पैसा माझा, त्या पैशाचं विष. मग पाप कुणाचं?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "माउली, देणगी बंद करा. तेच पैसे वाटेवरच्या अन्नदानाला द्या." ते पाया पडले आणि उठून गेले.

रात्री आमचा डोळा लागेना. तो मनुष्य उत्तर घेऊन गेला, पण समाधान काही घेऊन गेला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. आणि आम्हांसही आपण धर्म सांगितला की नुसते अंग काढून घेतले, हे कळेना. वारीहून परतल्यावर आम्ही त्यांस फोन केला, त्या बेटांची हकीकत त्यांच्याकडून नीट ऐकली, मिळाले ते वाचले. जे कळले ते आधी सांगतो. वस्तुस्थिती जाणून घेतल्यावाचून धर्मनिर्णय करू नये, एवढे तरी या प्रसंगाने आम्ही शिकलो.

मॉरिशस हे माणसांवाचूनचे बेट होते. जमिनीवर चालणारे सस्तन जनावर तिथे मुळात नव्हतेच. उडून येऊ शकणारी वटवाघळे तेवढी होती. मारणारे कोणी नाही, म्हणून पळण्याची गरज नाही. डोडो नावाचा पक्षी, आपल्या पारव्याच्याच गोतातला, पण उडणे सोडून दिलेला, जमिनीवर अंडी घालून सुखाने राहत होता. १५९८ साली डच लोक उतरले. त्यांच्या गलबतांबरोबर उंदीर, डुकरे, माकडे आली. शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत डोडो संपला. पुढे फ्रेंच आले, इंग्रज आले, रान तुटले आणि ऊस उभा राहिला. आज तिथले मूळचे चांगले रान शंभरात दोन हिस्सेसुद्धा उरलेले नाही. ती जमीन मळेवाल्यांच्या हुकुमाने साफ झाली हे खरे, पण राबणारे हात आधी गुलामांचे आणि मागाहून आपल्याच मजुरांचे होते. उंदीर मारावेत म्हणून १९०० च्या सुमारास मुंगूस सोडले, तेही आपल्या देशातले. तेव्हा "परक्यांनी केले, आपला काय संबंध" असे म्हणायची सोय आपल्याला फारशी नाही.

परिणाम काय झाला? १९७४ साली तिथल्या लहान ससाण्याचे अवघे ४ पक्षी ठाऊक होते. रान गेले, आणि हिवतापाच्या डासांसाठी फवारलेल्या डीडीटीचे विष त्याच्या अंड्यांपर्यंत पोचले. तिथला गुलाबी पारवा १९९० साली रानात दहाच्या आसपास उरला होता. आपल्या राघूचा चुलतभाऊ शोभेल असा हिरवा पोपट, तोही १९८०-९० च्या दशकात दहा-बारांवर आला होता. एवढे थोडे, की दिंडीत एका ओळीत उभे केले तर मागची ओळ लागू नये.

या कामासाठी निधी जमवावा म्हणून १९८४ साली मॉरिशसमध्ये एक धर्मादाय संस्था निघाली. तिलाच आज 'मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन' म्हणतात. जेरल्ड ड्यूरेल या इंग्रज प्राणिप्रेमी लेखकाने जर्सी बेटावर १९६३ साली काढलेली संस्था तिच्या पाठीशी उभी राहिली. आपल्या दिंडीची जशी भिशी असते, कोणी धान्य घालतो, कोणी रोकड, कोणी नुसते हात, तसेच हे चालते. आग्नेय किनाऱ्याजवळ 'ईल ओ एग्रेट' नावाचे २६ हेक्टरांचे प्रवाळाचे बेटुकले आहे. ते संस्थेने हाती घेतले, उंदीर-मांजरे हटवली, बाहेरून आलेले तण उपटले, मूळची झाडे रोपवाटिकेत वाढवून लावली. यात्री पैसे देऊन ते बघतात आणि तो पैसा कामाला लागतो. ससाण्याची अंडी काढून उबवली, पिल्ले हाताने वाढवली, घरट्यांसाठी पेट्या बसवल्या. १९७९ साली वेल्सहून आलेले कार्ल जोन्स यांनी या कामात आपली हयात घातली. आज तो ससाणा काही शेकड्यांत आहे, पारवा चारशेवर गेला, पोपट सातशेवर. हे ऐकून कोणाच्या मनात आनंद होणार नाही?

पण आता सशांकडे येऊ. मॉरिशसच्या उत्तरेस २२ किलोमीटरांवर 'राउंड आयलंड' म्हणून ज्वालामुखीचे एक ओसाड बेट आहे. उंदीर तिथे कधी पोचलाच नाही, म्हणून मोठ्या बेटावरून नाहीशा झालेल्या सापसुरळ्या, पाली, बिनविषारी साप आणि ताडाच्या जाती तिथे टिकून होत्या. एकोणिसाव्या शतकात माणसाने तिथे शेळ्या आणि ससे सोडले. जनावरांचा त्यात काय दोष? त्यांनी भूक लागली तसे खाल्ले. कोवळा कोंब वर आला की खाल्ला. झाड म्हातारे होऊन पडे, त्याच्या जागी दुसरे उभे राहीना. मुळे गेली, तशी पावसाने माती समुद्रात वाहून नेली. खडक उघडा पडला. मातीत बीळ करून राहणारा एक साप जगात फक्त तिथेच होता. १९७५ साली तो शेवटचा दिसला. मग शेळ्या १९७९ पर्यंत गोळ्या घालून संपवल्या आणि १९८६ साली ससे विषाने संपवले. त्यानंतर कोंब वाढू लागले, सापसुरळ्या वाढल्या, दुसऱ्या जातीचा साप वाचला. आमच्या गृहस्थांच्या मनाला लागलेला काटा हाच.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. दोन्ही आम्ही मनात घोळवून पाहिली.

पहिले सोपे उत्तर म्हणजे आम्ही राहुटीत दिले ते. माळकऱ्याने हिंसेत पैसा घालू नये, हात कोरडे ठेवावेत. ऐकायला हे शुद्ध वाटते. पण त्या बिळातल्या सापाला कोणी मारले? गोळी कोणी घातली नाही, विष कोणी घातले नाही. सगळ्यांचे हात कोरडे होते, आणि तो कायमचा गेला. घरात आपणच विस्तव टाकायचा आणि मग "पाणी मारले तर मुंग्या वाहून जातील" म्हणून जप करीत बसायचे, याला दया म्हणत नाहीत. तिथे आपल्याला आपल्या अंगावर डाग नको असतो, जिवाची काळजी नसते. आम्ही "देणगी बंद करा" म्हणालो, तेव्हा आमच्याही मनात सशांपेक्षा आपली शुचिता अधिक होती, हे कबूल करतो.

दुसरे सोपे उत्तर नव्या शिकलेल्या मंडळींचे. ते म्हणतात, यात पाप कसले? ससे जगात कोट्यवधी आहेत, हा साप एकच. हिशेब करा आणि मोकळे व्हा. हेही आम्हांस गिळवत नाही. विष खाऊन मरणारा ससा "जगात माझ्यासारखे कोट्यवधी आहेत" असे म्हणून मरत नाही. त्याला त्याचा एकच जीव असतो. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, तेव्हा जगात गाढवे किती याची मोजदाद केली नव्हती. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, तेव्हाही नाही. ज्या संप्रदायाने भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यात देव पाहिला, त्याला सशातला देव हिशेबात वजा करता येणार नाही.

शिवाय या हिशेबी उत्तराचा एक धोका त्याच मॉरिशसने दाखवला आहे. तिथली मूळची फळे खाणारी वटवाघळे लिची आणि आंबे खातात, म्हणून बागायतदारांनी ओरड केली. सरकारने २०१५ पासून तीही हजारोंनी मारवली. "ती पुष्कळ आहेत आणि नुकसान करतात," हाच तिथेही हिशेब होता. त्या वेळी सशांचे मरण मान्य करणारी हीच मंडळी म्हणाली, वटवाघळे मारू नका, रानाची बी तीच पेरतात, झाडांना जाळी बांधा. हे ऐकून कोणी म्हणेल, बघा यांचा दुटप्पीपणा! एके ठिकाणी मारा, दुसरीकडे मारू नका! आम्हांस मात्र इथेच वाट दिसली.

दोन्हींकडे जीवच मेले, पण का मेले ते वेगळे आहे. वटवाघूळ आपल्या घरी होते. त्याला मारले ते आपले फळ वाचावे म्हणून, आणि जाळी बांधण्याचा दुसरा उपाय हाताशी असताना. ससा त्या खडकावर आपल्या पायांनी आला नव्हता. त्याला माणसाने नेऊन टाकला, आणि त्याच्या मरणातून कोणाच्या घरी दमडी आली नाही. एक मारणे लोभाचे, दुसरे ऋण फेडण्याचे. पण ऋण फेडले म्हणून ते पुण्य होत नाही, हे आम्ही ठासून सांगू इच्छितो. बापाने कर्ज करावे आणि मुलाने घरातला बैल विकून ते फेडावे, त्यात मुलाला मान कसला? बैल गेल्याचे दुःख मात्र त्याला झालेच पाहिजे. ज्याला ते झाले नाही, तो उद्या दुसरे कर्ज काढायला मोकळा.

इथे आमच्या एका फडकरी मित्राने शंका घेतली. ते म्हणाले, "जीवाला आत्मा असतो, जातीला कुठे असतो? साप मेला, पक्षी मेला, म्हणजे एक एक जीव गेला. जात गेली म्हणून निराळे काय बिघडले? तिच्यासाठी जिवंत ससा मारावा हे कसे?"

शंका पक्की आहे. आम्ही त्यांस त्यांच्याच दिंडीचे उदाहरण दिले. दिंडीतला वारकरी थकतो, एक दिवस जातो. त्याचा मुलगा त्याच जागी, त्याच रांगेत टाळ घेऊन उभा राहतो. मनुष्य गेला तरी दिंडी चालते. पण एखादी दिंडीच मोडली, वीणा खाली ठेवली गेली, तर? रथापुढची ती जागा रिकामी पडते आणि पुढे जन्मणाऱ्या कोणालाच त्या दिंडीतून चालता येत नाही. जात संपणे म्हणजे दिंडी मोडणे. त्या देहाच्या रूपाने पुन्हा कोणीही जीव या पृथ्वीवर यायचा नाही, ते दार भिंत घालून बंद झाले. माउलींनी पसायदानात सर्व जिवांचे परस्परांशी सख्य मागितले. ज्याचे दारच बुजवले, त्याच्याशी सख्य कसे जोडणार? मित्र गप्प झाले. पुरते पटले असे नव्हे, पण गप्प झाले.

राहिली दुसरी शंका. माणसे उपाशी असताना पाखरांस दान कशाला? याचे उत्तर त्या बेटावरच्या माणसांनीच दिले आहे. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढले. ऑगस्टच्या सुरुवातीस ते फुटले आणि सुमारे हजार टन तेल त्या निळ्या खाडीत पसरले. 'ईल ओ एग्रेट' शेजारीच. संस्थेची माणसे रोपे आणि पाखरे तिथून हलवायला धावली. इकडे गावोगावची बायामाणसे किनाऱ्यावर बसून कापडाच्या लांब पिशव्या शिवू लागली. त्यांत उसाचे पाचट भरायचे आणि तेल अडवायला पाण्यात सोडायचे. कित्येकांनी डोईचे केस कापून दिले. आमचे गृहस्थ सांगत होते, "महाराज, माझी सून रात्री दोनपर्यंत पिशव्या शिवत होती. कोळ्यांसाठी शिवते की पाखरांसाठी, कोणी विचारलं नाही." ज्या उसाने रान खाल्ले, त्याच उसाचे पाचट त्या दिवशी पदरात बांधून माणसे समुद्र वाचवायला बसली होती. कोळ्याची मासळी, मुलाचे अन्न आणि पारव्याचे घरटे एकाच पाण्यावर उभे आहे, हे संकटात कळते. एरवी आपण दोन ताटे वेगळी मांडतो.

आणि पाखराला दिलेल्या दानाचा एक गुण आहे. कासव पावती लिहीत नाही. देवळाच्या फरशीवर आपले नाव कोरता येते, घरट्यावर येत नाही. नावाची हाव ज्याला सोडायची आहे, त्याला हे दान बरे.

तर मग आम्ही त्या माळकऱ्यास काय कळवले? पत्रच लिहिले. त्याचा मजकूर थोडक्यात देतो, कारण असे प्रश्न उद्या आपल्यापुढेही येणार आहेत.

"माउली, नातेपुत्यास आम्ही घाईने बोललो, क्षमा असावी. देणगी बंद करू नका. मात्र ती पुण्य म्हणून देऊ नका, ऋण म्हणून द्या. देता त्या अर्थी तुम्हांला विचारण्याचा हक्क आहे. दरसाल विचारा: यंदा काय मारले, कशाने मारले, धरून हलवण्याचा किंवा जाळी-कुंपण घालण्याचा उपाय आधी पाहिला का? उत्तर टाळतील तर हात आखडा. सांगतील तर ऐका, ऐकून वाईट वाटू द्या. आणि एकादशीच्या भजनात त्या सशांचेही स्मरण ठेवा. त्यांचा अपराध काही नव्हता."

गृहस्थांनी पंधरा दिवसांनी फोन केला. म्हणाले, "महाराज, विचारलं. त्यांनी बसवून सगळं सांगितलं." मग थोडे थांबून म्हणाले, "मी परत देऊ लागलो. पण पहिल्यासारखं हलकं वाटत नाही."

आम्ही म्हणालो, "नाहीच वाटायचं. वाटू नये."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २००७ साली राउंड आयलंडवर दुसऱ्या बेटांच्या वंशाची मोठी कासवे सोडली, कारण मॉरिशसची मूळची कासवे माणसाने केव्हाच खाऊन संपवली होती. कासवे चरतात, फळे गिळतात, बी पेरीत फिरतात. 'ईल ओ एग्रेट'वर तर असे दिसले, की आबनुसाचे बी कासवाच्या पोटातून गेले की अधिक चांगले रुजते. दोन जिवांचे असे जुने सख्य माणसाने तोडले होते, ते पुन्हा जोडायला एवढी वर्षे आणि एवढा पैसा लागला. आणि आता त्या खडकावर जाणाऱ्याचे सामान आधी उघडून झाडून तपासतात. बुटाच्या तळाला चिकटलेले बी, कपड्याच्या घडीतली मुंगी, काहीसुद्धा बरोबर जाता कामा नये.

आम्हांस वाटते, या साऱ्या प्रकरणातली निखळ अहिंसा कुठे असेल तर ती या झाडण्यात आहे. विष घालायची पाळी आली, तेव्हा अहिंसेची वेळ शंभर वर्षांपूर्वीच टळून गेली होती. शेळी गलबतावरून उतरवताना कोणी दोर धरून "थांब" म्हटले असते, तर एकही जीव मारावा लागला नसता. त्या वेळी मात्र कोणालाच त्यात हिंसा दिसली नाही. शेळी जिवंत होती, ससा गोजिरवाणा होता, हात सर्वांचे कोरडे होते.

वारकऱ्याने चालताना पायाखाली पाहावे, असे आमचे गुरुजी सांगत. पायाखाली मुंगी असते म्हणून पाहावे, हे आम्ही तेव्हा समजलो होतो. पायाला काय चिकटून येते, आणि आपण ते कुठे नेऊन टाकतो, हेही पाहावे, हे आता कळले. वाचकांपैकी कोणास आमचा निर्णय चुकीचा वाटत असेल त्यांनी अवश्य लिहावे. एकदा चुकलेला मनुष्य दुसऱ्यांदा ऐकून घ्यायला तयार असतो.

रामकृष्णहरि!